इसिद्रो लांगारा : युद्धाने देशोधडीला लावलेला गोलवीर

स्पेनचा एखादा फुटबॉलपटू परदेशात जाऊन खेळतो, यात आज कुणालाच नवल वाटत नाही. २०१८ साली आंद्रेस इनिएस्ता बार्सिलोना सोडून जपानमधल्या कोबे शहरात गेला. त्याच्या आदल्या वर्षी फेरान कोरोमिनास, म्हणजे आपल्या गोवेकरांचा लाडका 'कोरो', एफसी गोवा संघात दाखल झाला आणि लागोपाठ दोन हंगाम इंडियन सुपर लीगमधला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. ही मंडळी गेली ती करारावर सही करून, सामान नीट बांधून, मागे राहिलेल्या घराला कुलूप लावून. परत यायचं म्हटलं तर विमानाच्या तिकिटाचा काय तो प्रश्न.

आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते अशा एका स्पॅनिश फुटबॉलपटूविषयी, ज्याच्या परदेशी कारकिर्दीची सुरुवात कुठल्याही कराराने झाली नाही. ती झाली युद्धामुळे. इसिद्रो लांगारा हे त्याचं नाव. स्पेन, अर्जेंटिना आणि मेक्सिको अशा तीन देशांच्या लीगमध्ये त्याने सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. तरीही जगातल्या थोर फुटबॉलपटूंची यादी काढायला बसलं की त्याचं नाव सहसा कुणाला आठवत नाही. मलाही तो भेटला तो आधी आकड्यांतूनच. जुन्या विक्रमांच्या तक्त्यात एक नोंद होती : स्पेनकडून १२ सामने, १७ गोल. नोंद १९३२ ला सुरू होते आणि १९३६ ला संपते. चोवीस वर्षांचा, दर सामन्याला एकाहून जास्त गोल करणारा खेळाडू अचानक थांबतो कसा? साल पाहिलं की उत्तर कळतं. पण ते उत्तर कळलं म्हणजे गोष्ट कळली असं नाही.

लांगाराचा जन्म १५ मे १९१२ चा, पासाखेस या बंदराच्या गावचा. हे गाव स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रांतात, सान सेबास्तियान शहराच्या अगदी शेजारी आहे. बास्क लोकांची भाषा स्पॅनिशहून पूर्ण वेगळी, आणि स्वतःच्या वेगळेपणाचा अभिमानही मोठा. या मुलखात फुटबॉल इंग्रजी बोटींबरोबर आला आणि रुजला तो कायमचा. लांगारा जवळच्याच तोलोसा गावच्या संघातून खेळायला लागला. तिथून १९३० साली तो गेला आस्तुरियास प्रांतात, रेआल ओव्हिएदो या क्लबकडे. कोळशाच्या खाणींचा हा मुलूख. ओव्हिएदोचा संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खेळत होता.

दुसऱ्या श्रेणीतल्या खेळाडूला राष्ट्रीय संघात घेणं ही तेव्हाही सहज घडणारी गोष्ट नव्हती. पण एप्रिल १९३२ मध्ये ओव्हिएदोच्या नव्या मैदानावर स्पेनचा सामना युगोस्लाव्हियाशी झाला, तेव्हा या वीस वर्षांच्याही आतल्या पोराला मध्य आघाडीवर उभं केलं गेलं. पुढच्याच वर्षी ओव्हिएदो पहिल्या श्रेणीत चढला आणि मग लांगाराने धडाका लावला. १९३३-३४, १९३४-३५ आणि १९३५-३६ या तिन्ही हंगामांत स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचे. तिन्ही वेळा पंचविसाच्या पुढे. आणि त्या काळी लीगमध्ये सामने किती असत? पहिल्या हंगामात अठरा, पुढच्या दोन हंगामांत बावीस. आजच्यासारखे अडतीस नव्हेत. चेंडूवर त्याचा प्रहार जबरदस्त होता, आणि लांबून मारायला तो कचरत नसे.

मार्च १९३४ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्पेनने पोर्तुगालला माद्रिदमध्ये ९-० असं धुतलं. त्यातले पाच गोल लांगाराचे. मग इटलीतला विश्वचषक. २७ मे १९३४ ला जिनोव्हा शहरात ब्राझीलशी गाठ पडली. स्पेनने सामना ३-१ असा जिंकला, त्यात लांगाराचे दोन. त्या वेळी स्पर्धा पहिल्यापासून बाद पद्धतीची होती, त्यामुळे ब्राझीलचा संघ एवढा लांबचा समुद्रप्रवास करून आला आणि एकच सामना खेळून परत गेला.

पुढची लढत यजमान इटलीशी होती, फ्लॉरेन्समध्ये. मुसोलिनीच्या राजवटीत इटली हरणं परवडणारं नव्हतं, असं त्या स्पर्धेबद्दल नेहमी म्हटलं जातं. तो सामना म्हणजे फुटबॉल कमी आणि कुस्ती जास्त. जादा वेळ खेळूनही १-१ अशी बरोबरी राहिली. दुसऱ्याच दिवशी पुन्हा सामना ठेवला. स्पेनचे सात खेळाडू बदलावे लागले. जगद्विख्यात गोलरक्षक रिकार्दो सामोरा बाहेर, लांगाराही बाहेर. इटलीने १-० असा विजय मिळवला आणि पुढे विश्वचषकही.

फ्लॉरेन्सच्या त्या पहिल्या सामन्यातला स्पेनचा संघ जरा लक्षात ठेवा. मी मुद्दाम सांगतो आहे. अकरापैकी सहा जण बास्क प्रांतातले असे होते, ज्यांची नावं आपल्याला तीन वर्षांनी पुन्हा ऐकायची आहेत : लांगारा, इरारागोर्री, रेगेइरो, गोरोस्तिसा, सिलाउरेन आणि मुगेर्सा. म्हणजे स्पेनचा अर्धा संघ.

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध सैन्यातल्या एका गटाने बंड केलं आणि लवकरच जनरल फ्रँको त्याचा म्होरक्या झाला. लीग बंद पडली. लांगाराची अवस्था पाहा. तो ज्या शहरात खेळायचा ते ओव्हिएदो तिथल्या लष्करी अधिकाऱ्याने फ्रँकोच्या बाजूने ताब्यात घेतलं होतं आणि प्रजासत्ताकाच्या बाजूच्या खाणकामगारांनी त्या शहराला वेढा घातला होता. ज्या मैदानावर त्याने आंतरराष्ट्रीय पदार्पण केलं, त्याची युद्धात इतकी नासधूस झाली की युद्धानंतरच्या पहिल्या हंगामात ओव्हिएदोला लीगमध्ये खेळताच आलं नाही. दुसरीकडे त्याचं जन्मगाव आणि सान सेबास्तियान सप्टेंबर १९३६ मध्येच फ्रँकोच्या फौजांनी घेतलं होतं. उरला होता तो बिल्बाओ आणि भोवतालचा बास्क मुलूख.

या मुलखाला ऑक्टोबर १९३६ मध्ये प्रजासत्ताकाने स्वायत्तता दिली. तिथल्या सरकारचे प्रमुख होते होसे आंतोनियो आगिर्रे. हे गृहस्थ तरुणपणी अॅथलेटिक बिल्बाओकडून फुटबॉल खेळलेले होते! राजकारणात येण्याआधी पहिल्या दर्जाच्या क्लबकडून मैदानात घाम गाळलेला सरकारप्रमुख जगाच्या इतिहासात शोधायला गेलं तर फार सापडणार नाहीत. त्यामुळे फुटबॉलची ताकद काय असते हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बास्क खेळाडूंचा एक संघ बांधायचा, तो युरोपभर फिरवायचा, आपली बाजू जगापुढे मांडायची आणि निर्वासितांसाठी पैसा उभा करायचा, असं ठरलं. संघाचं नाव 'एउस्कादी', म्हणजे बास्क लोकांचा देश. प्रशिक्षक म्हणून पेद्रो वायाना आले. कर्णधारपद लुईस रेगेइरोकडे होतं. युद्ध सुरू होईपर्यंत तो रेआल माद्रिदकडून खेळत होता. गोलरक्षक ब्लास्को होता. सतरा-अठराव्या वर्षीच स्पेनकडून खेळलेला आंखेल सुबिएता होता. आणि मध्य आघाडीवर अर्थात लांगारा.

या संघाचा पहिला सामना पॅरिसमध्ये रेसिंग क्लबशी झाला. तारीख होती २६ एप्रिल १९३७, वार सोमवार. एउस्कादीने तो ३-० असा जिंकला आणि तिन्ही गोल लांगाराचे होते. त्याच दिवशी, त्याच दुपारी, बास्क प्रांतातल्या गेर्निका या छोट्या गावात बाजाराचा दिवस असताना हिटलरने फ्रँकोच्या मदतीला पाठवलेली जर्मन विमानं आणि त्यांच्या जोडीला इटालियन विमानं आली आणि त्यांनी ते गाव जाळून टाकलं. बास्क लोकांच्या दृष्टीने गेर्निकाला विशेष पावित्र्य होतं, कारण तिथल्या ओक वृक्षाखाली त्यांच्या पंचायती भरत. खुद्द आगिर्रे यांनी आपल्या पदाची शपथ त्याच झाडाखाली घेतली होती. पाब्लो पिकासोने याच घटनेवरचं आपलं प्रचंड चित्र त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी रंगवलं. ते चित्र जगाला माहीत आहे. त्याच दिवशी पॅरिसमध्ये झालेले ते तीन गोल मात्र विस्मरणात गेले. मला या दोन गोष्टी एकत्रच आठवतात. हॅटट्रिकच्या आनंदात असलेल्या माणसाला थोड्या वेळाने ती बातमी कळली असेल, तेव्हा त्या संघाच्या खोलीत काय शांतता पसरली असेल याची कल्पना करून पाहा.

पुढे हा संघ चेकोस्लोव्हाकिया, पोलंड असं करत जून महिन्यात सोव्हिएत रशियात पोचला. १९ जूनला बिल्बाओ पडलं. म्हणजे ज्या सरकारने त्यांना पाठवलं त्या सरकारच्या हातून राजधानी गेली आणि हे खेळाडू हजारो मैल दूर. पाचच दिवसांनी, २४ जूनला, मॉस्कोत त्यांनी लोकोमोटिव्हला ५-१ असं हरवलं. मग डायनामो मॉस्कोला २-१ असं. रशियन प्रेक्षकांनी तोवर असा खेळ पाहिलाच नव्हता. सोव्हिएत क्लब जगातल्या स्पर्धांपासून तुटलेले होते आणि जुन्या पद्धतीने, मागे दोनच बचावपटू ठेवून खेळत होते. बास्क संघाने मध्यरक्षकाला मागे ओढून बचावात तिसरा माणूस उभा केलेला होता. ही पद्धत इंग्लंडमध्ये आर्सेनलने रूढ केलेली. मॉस्कोचे प्रशिक्षक ती वही घेऊन टिपू लागले. शेवटी स्पार्टाक मॉस्कोने तीच युक्ती उचलून जुलैमध्ये एउस्कादीला ६-२ असं हरवलं. त्या सामन्यात पंचांनी दिलेल्या पेनल्टीवरून बरंच वादंग झालं. पण नंतर पुन्हा डायनामोशी गाठ पडली तेव्हा बास्क मंडळींनी ७-४ असा हिशेब चुकता केला. या दौऱ्याने सोव्हिएत फुटबॉलची रचना बदलली, असं तिथले जाणकार मानतात. स्पार्टाकचे संस्थापक निकोलाय स्टारोस्टिन आणि त्यांचे तिन्ही भाऊ पुढे १९४२ मध्ये पकडले गेले आणि नंतर स्टालिनच्या छळछावण्यांत पाठवले गेले. त्या काळातल्या फुटबॉलची गोष्ट सांगताना तुरुंग आणि बंदुका दर दोन परिच्छेदांनी मध्ये येतात, त्याला माझा इलाज नाही.

स्कँडिनेव्हियातले सामने उरकून संघ फ्रान्समध्ये परतला तोवर बास्क भूमीवर फ्रँकोचा पूर्ण अंमल बसला होता. आता करायचं काय? परत जावं तर शत्रूच्या हाती पडायचं, न जावं तर घरच्यांचं काय? प्रत्येकाने आपापला निर्णय घेतला. विंगवरून गोळीसारखा धावणारा गिल्येर्मो गोरोस्तिसा फ्रँकोच्या स्पेनमध्ये परतला. त्याने पुढे व्हॅलेन्सियाकडून खेळताना दोनदा लीग जिंकली, आणि तरी त्याचा शेवट दारिद्र्यात आणि रुग्णालयात झाला. १९६६ मध्ये स्पेनमध्ये विसरल्या गेलेल्या जुन्या नटनट्या-खेळाडूंवर 'मोडकी खेळणी' अशा अर्थाच्या नावाचा एक माहितीपट निघाला, त्यात तो दिसतो. त्याच वर्षी तो वारला. परत गेलेला सुखी झाला आणि बाहेर राहिलेला दुःखी झाला, किंवा त्याउलट, असा सरळ हिशेब इथे मांडता येत नाही, हे सांगण्यासाठीच मी त्याचं नाव घेतलं.

बाकीच्यांनी १९३७ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोची बोट धरली. मेक्सिकोचे अध्यक्ष लासारो कार्देनास हे स्पेनच्या प्रजासत्ताकाचे उघड पाठीराखे होते. त्यांनी शस्त्रं पाठवली आणि नंतर वीस हजारांहून अधिक निर्वासितांना आसरा दिला. त्याच सुमारास बार्सिलोना क्लबचा संघही मेक्सिको आणि अमेरिकेचा दौरा करून आला होता आणि त्यातलेही बरेच खेळाडू परत गेलेच नव्हते. त्यांच्यातला मार्ती व्हेंतोल्रा मेक्सिकोत स्थायिक झाला, कार्देनास यांच्या पुतणीशी त्याचं लग्न झालं आणि त्याचा मुलगा १९७० च्या विश्वचषकात मेक्सिकोकडून खेळला. एउस्कादीचा कर्णधार रेगेइरो याचाही मुलगा १९६६ च्या विश्वचषकात मेक्सिकोच्या संघात होता. बापाने एका देशाकडून खेळावं आणि मुलाने दुसऱ्या, यामागे एक अख्खं युद्ध उभं असतं.

पण या भटक्या संघापुढे आणखी एक भिंत होती. जागतिक फुटबॉल संघटना फिफाने त्यांच्याशी खेळायला सदस्य देशांना मनाई केली होती. देशच नाही, तर त्या देशाचा संघ कसला, असा तो कायद्याचा युक्तिवाद. अर्जेंटिनात ते गेले, पण तिथे त्यांना खेळता आलं नाही. मेक्सिको आणि क्यूबात सामने झाले. शेवटी १९३८-३९ च्या हंगामात 'क्लब देपोर्तिव्हो एउस्कादी' या नावाने त्यांनी मेक्सिकोच्या लीगमध्येच भाग घेतला. एक निर्वासित राष्ट्रीय संघ दुसऱ्या देशाच्या स्थानिक लीगमध्ये क्लब म्हणून उतरतो, अशी उदाहरणं फुटबॉलच्या इतिहासात विरळाच. त्यात त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला. पहिला क्रमांक मिळाला तो आस्तुरियास नावाच्या क्लबला, जो मेक्सिकोतल्या स्पॅनिश स्थलांतरितांचाच होता. ज्या प्रांताच्या ओव्हिएदोत लांगारा मोठा झाला, त्याच प्रांताच्या नावाच्या क्लबने त्याला तिथे मागे टाकलं.

१ एप्रिल १९३९ ला फ्रँकोने युद्ध संपल्याचं जाहीर केलं. आता परतायला सरकारही उरलं नव्हतं. संघ विसर्जित झाला आणि खेळाडूंनी ज्याची त्याची वाट धरली. लांगाराची वाट ब्युनोस आयर्सला गेली.

तिथल्या सान लोरेन्सो क्लबने त्याला करारबद्ध केलं. एका पाद्र्याच्या आश्रयाने १९०८ मध्ये सुरू झालेला हा क्लब. अव्हेनिदा ला प्लाता या रस्त्यावर त्याचं लाकडी बांधणीचं मोठं मैदान होतं आणि लोक त्याला 'गॅसोमेत्रो' म्हणत. पुढे पोप फ्रान्सिस झालेले होर्खे बेर्गोग्लिओ हे याच क्लबचे जन्मभराचे चाहते. लांगारा आला तेव्हा ते अडीच वर्षांचे होते.

२१ मे १९३९. समोर रिव्हर प्लेटसारखा बलाढ्य संघ. बोटीतून उतरून नुकताच आलेला, सत्ताविशी गाठलेला हा परदेशी पहिल्याच सामन्यात मैदानात उतरला. प्रेक्षकांना वाटलं असेल, युद्धातून आलेला, दोन वर्षं गावोगाव फिरलेला माणूस, याच्यात काय राहिलं असेल? मध्यंतराच्या आतच त्याने चार गोल मारले. सामना सान लोरेन्सोने ४-२ असा जिंकला. अर्जेंटिनाच्या फुटबॉलमध्ये पदार्पणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण एवढी थेट गोष्ट दुसरी नसावी. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, ३३ गोल करून तो अर्जेंटिनाच्या लीगमध्ये संयुक्तपणे पहिला आला. त्याच्या जोडीला होता रेसिंग क्लबचा पॅराग्वेचा खेळाडू देल्फीन बेनीतेस कासेरेस. सान लोरेन्सोकडून लांगाराने १२१ सामन्यांत ११० गोल केले. इरारागोर्री आणि सुबिएता हे त्याचे जुने सवंगडीही त्याच क्लबमध्ये होते.

ब्युनोस आयर्समध्ये स्पॅनिश स्थलांतरितांची वस्ती मोठी. अव्हेनिदा दे मायो या रस्त्यावरच्या कॅफेंमध्ये प्रजासत्ताकवाले एकीकडे आणि फ्रँकोवाले एकीकडे बसत आणि त्यांच्यात हातघाई होई. लांगाराच्या गोलांवर मात्र दोन्हीकडचे टाळ्या वाजवत असणार, असा माझा कयास आहे. त्याने स्वतः राजकीय भाषणबाजी केल्याचं फारसं ऐकिवात नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं. अशा माणसांचं आपण मागाहून हुतात्म्यात रूपांतर करून टाकतो. लांगारा हा झेंडा खांद्यावर घेऊन निघालेला क्रांतिकारक नव्हता. तो व्यावसायिक फुटबॉलपटू होता. चेंडू मारणं हे त्याचं काम होतं, आणि ते काम करायला एकामागून एक जागा शोधणं त्याच्या नशिबी आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत युरोपात उत्तम खेळाडूंना मैदानाऐवजी खंदक मिळाला, हे पाहता त्याने जे मिळवलं ते थोडकं नव्हे.

१९४३ मध्ये तो पुन्हा मेक्सिकोत गेला, रेआल क्लब एस्पान्या या संघाकडे. मेक्सिकोतली व्यावसायिक लीग त्याच हंगामात सुरू झाली. तिच्या पहिल्याच मोसमात सर्वाधिक गोल लांगाराचे होते : २७. पुढच्या हंगामात त्याचा संघ विजेता ठरला. आणि १९४५-४६ मध्ये, वयाच्या चौतिशीत शिरताना, त्याने ४० गोल केले. दहा-बारा वर्षांपूर्वी तरुण लांगारा ओव्हिएदोत जे करत होता, तेच हा उतारवयातला लांगारा सात-साडेसात हजार फूट उंचीवरच्या मेक्सिको शहराच्या विरळ हवेत करत होता. तीन देशांच्या लीगमध्ये गोलांचा पहिला क्रमांक, आणि हे देश युरोप, दक्षिण अमेरिका व उत्तर अमेरिका अशा तीन खंडांतले. असं करणारा तो पहिला.

याच एस्पान्या क्लबविषयी एक गोष्ट. तो मेक्सिकोतल्या जुन्या स्पॅनिश व्यापारी मंडळींचा. त्यांच्यातले पुष्कळ जण फ्रँकोच्या बाजूचे. आणि त्यांच्या संघाचा सर्वांत मोठा गोलवीर कोण, तर फ्रँकोविरुद्धच्या सरकारने पाठवलेला निर्वासित! बोर्डरूममधल्या मतांना मैदानातल्या गोलांपुढे फारसं मोल नसतं, हे फुटबॉलमध्ये नेहमीचंच आहे.

१९४६ मध्ये लांगारा स्पेनला परतला, थेट ओव्हिएदोकडे. इरारागोर्रीही त्याच वर्षी अॅथलेटिक बिल्बाओत परत आला. फ्रँको तेव्हा जगात एकटा पडला होता, संयुक्त राष्ट्रसंघाने त्याला बाहेर ठेवलं होतं, आणि बाहेर गेलेले नामांकित खेळाडू परत येताहेत हे दाखवणं त्याच्या राजवटीला सोयीचंच होतं. लांगाराला काय वाटलं असेल? दहा वर्षांनी ज्या शहरात परत यायचं त्यात ओळखीच्या किती गल्ल्या उरल्या असतील? ओव्हिएदोला वेढ्यात तोफांनी भाजून काढलं होतं. पण मैदान पुन्हा उभं राहिलं होतं, आणि त्याने तिथे आणखी दोन हंगाम खेळून घेतलं. पहिल्या हंगामातही गोलांचा रतीब चालूच होता. स्पॅनिश लीगमधला त्याचा एकूण हिशेब आहे ९० सामन्यांत १०४ गोल. या ९० सामन्यांच्या मधोमध दहा वर्षांचं भगदाड आहे. ते नसतं तर हा आकडा किती झाला असता, याचं गणित करत बसण्यात मला रस नाही, पण ते भगदाड विसरून हे आकडे वाचू नयेत एवढंच वाटतं.

त्याच हिवाळ्यात, १९४६-४७ मध्ये, एक योगायोग घडला. अर्जेंटिनाचा विजेता म्हणून सान लोरेन्सोचा संघ स्पेन-पोर्तुगालच्या दौऱ्यावर आला. त्याने स्पेनच्या निवडक संघाला एकदा ७-५ आणि एकदा ६-१ असं हरवलं. या अर्जेंटिनी संघाचा कर्णधार होता आंखेल सुबिएता, म्हणजे १९३६ मध्ये स्पेनकडून खेळलेला तोच कोवळा बास्क पोरगा. स्पेनच्या प्रेक्षकांसमोर स्पेनला हरवणाऱ्या परदेशी संघाचा कर्णधार स्पॅनिश! सुबिएता १९५२ पर्यंत ब्युनोस आयर्समध्येच खेळला आणि मग स्पेनला परतून देपोर्तिव्हो ला कोरुन्याकडून उतरला. स्पॅनिश लीगमधल्या त्याच्या लढाईआधीच्या शेवटच्या सामन्यात आणि पुनरागमनात सोळा वर्षांचं अंतर आहे.

लांगाराने १९४८ मध्ये बूट काढून ठेवले, आणि पुन्हा समुद्र ओलांडला. तो प्रशिक्षक झाला. चिलीत उनियोन एस्पान्योला या क्लबला त्याने १९५१ मध्ये विजेतेपद मिळवून दिलं. हाही स्पॅनिश स्थलांतरितांचाच क्लब. पुढे मेक्सिकोत पुएब्ला संघाला त्याने शिकवलं आणि काही काळ आपल्या जुन्या सान लोरेन्सोलाही. लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश वस्त्यांच्या या क्लबांचं जाळं नसतं, तर त्याच्यासारख्यांचं काय झालं असतं हे सांगता येत नाही. आपल्याकडची मंडळी परमुलखात गेली की तिथे मंडळ काढतात, गणपती बसवतात, नाटक करतात. स्पॅनिश मंडळी फुटबॉल क्लब काढत. फरक एवढाच की त्यांच्या त्या मंडळांनी देशोदेशीच्या लीग जिंकल्या.

मेक्सिकोतले एस्पान्या आणि आस्तुरियास हे दोन्ही क्लब १९५० मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधून बाहेर पडले. ब्युनोस आयर्समधलं गॅसोमेत्रो १९७९ मध्ये बंद झालं, ती जागा विकली गेली आणि तिथे मोठा सुपरमार्केट उभा राहिला. क्लबच्या चाहत्यांनी मोर्चे काढले, कायदा करून घेतला, वर्गणी काढली आणि २०१९ मध्ये त्या जमिनीचा ताबा परत मिळवला.

लांगारा आयुष्याच्या शेवटी बास्क मुलखात परतला. २१ ऑगस्ट १९९२ ला गिपुस्कोआ प्रांतातल्या आंदोआइन गावी तो वारला, पासाखेसच्या त्या बंदरापासून फार तर वीस किलोमीटरवर. दोन आठवड्यांपूर्वीच बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये स्पेनने फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं होतं, आणि त्याच वर्षी पिकासोचं 'गेर्निका' माद्रिदमधल्या रेइना सोफिया संग्रहालयात नेऊन लावण्यात आलं होतं.